नजरगहाण

आमच्या दारात पहिला ट्रॅक्टर आला तो 1994 साली, दसऱ्याच्या आधी चार दिवस. पस्तीस हॉर्सपॉवरचा, लालभडक. आबा तेव्हा साठीला टेकलेले. आईनं दोन नारळ फोडले, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बॉनेटच्या कडेला कुंकवानं स्वस्तिक काढलं. शेजारपाजारच्या पोरांना पेढे वाटले. त्या रात्री आबा दोनदा उठून कंदील घेऊन बाहेर गेले, ट्रॅक्टर आहे का बघायला. कुणी नेतोय असं नव्हे, आपलाच आहे का ते बघायला.

आठ दिवसांनी बँकेचे साहेब पाहणीला आले. मोटारसायकलवर मागं एक रंगारी बसलेला, हातात रंगाचा डबा आणि पत्र्यात कापलेली अक्षरं. साहेबांनी चहा घेतला, कागदावर सह्या घेतल्या आणि रंगाऱ्याला खूण केली. त्यानं टर्पेंटाइनचं फडकं काढून पहिल्यांदा आईचं स्वस्तिक पुसलं. मग त्याच जागेवर पत्रा धरून पांढऱ्या ऑइलपेंटनं बँकेचं नाव ओढलं आणि त्याच्याखाली, वीतभर उंचीच्या अक्षरात, ‘नजरगहाण’. दोन्ही मडगार्डवर तेच. रंगाऱ्याची मजुरी दीडशे रुपये. ती आम्हीच दिली.

आबा तिसरी शिकलेले. त्यांनी अक्षरं जुळवून वाचलं आणि मला विचारलं, “नजरगहाण म्हंजी काय रं?”

मी 1975 ची दहावी. महाराष्ट्रात जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली परीक्षा झाली, त्या पहिल्या बॅचचा. घरात शिकलेला म्हणून सगळे अर्थ मलाच विचारायचे. मी सांगितलं, “वस्तू आपल्याकडं राहती, पण गहाण त्यांच्याकडं असती. त्यांची नुसती नजर.”

“मंग नजर लागली म्हणायची,” आबा म्हणाले आणि आत गेले.

मला या लेखात भांडायचं आहे ते या अक्षरांशी. कर्जाशी माझं भांडण नाही. कर्ज आम्ही मागितलं होतं, हात जोडून मागितलं होतं. त्या वेळी आमच्या बँकेत ट्रॅक्टरच्या कर्जाला आठ एकर बागायतीची अट होती. ती भागवायला चुलत्यांची जमीन जामीन म्हणून दाखवली. नऊ वर्षांची मुदत, वर्षाला एक हप्ता, ऊस गेल्यावर. हे सगळं आम्हाला मान्य होतं. पण घेतलेल्या पैशाला सातबारा आहे, जामीनदार आहेत, आरटीओच्या पुस्तकात बँकेच्या नावाची नोंद आहे, कपाटात सह्या आहेत. एवढं असताना माणसाच्या दारातल्या वस्तूच्या तोंडावर का लिहायचं?

याच्यावर मला आजवर एकच उत्तर मिळालं. आमच्या पाहुण्यांतले एक बँकेतून रिटायर झालेले आहेत, भले गृहस्थ आहेत. ते म्हणतात, “अण्णा, तसं लिहिलं नाही तर लोक गहाण ट्रॅक्टर परस्पर विकतात. घेणाऱ्याची फसवणूक होते. त्याच्या भल्यासाठी ते.”

मी त्यांना विचारलं, पाव्हणं, ज्याला गहाण ट्रॅक्टर विकून पळायचंय, तो काय ती अक्षरं तशीच ठेवून बाजारात आणतो? तो पहिल्यांदा रंगवून घेतो. पाचशे रुपयांचा रंग आणि एक दुपार. म्हणजे चोराला ती अक्षरं अडवत नाहीत. नऊ वर्षं ती अंगावर वागवतो तो हप्ता भरणारा. आणि जुना ट्रॅक्टर घेणारा कुणीही शहाणा माणूस बॉनेट वाचून व्यवहार करत नाही, आरसी बघतो. आरसीवर बोजा दिसतो. मग ही पाटी कुणासाठी?

दुसरं सांगतो. माझा भाचा पुण्याला असतो. त्यानं सात वर्षांच्या कर्जावर चारचाकी घेतलीय. मी ती चारी बाजूनं फिरून बघितली. दारावर, डिकीवर, कुठंच बँकेचं नाव नाही. त्याचा फ्लॅट वीस वर्षांच्या कर्जावर आहे. दरवाजावर त्याचं आणि सुनबाईचं नाव आहे, पितळी अक्षरात, खाली गणपती. मी विचारलं, “बँकेनं इथं काही लिहिलं नाही का?” तो हसायला लागला. त्याला वाटलं मामा गंमत करतोय. शहरातल्या माणसाचं कर्ज फायलीत असतं. आमचं कर्ज गावातून फिरतं, धुरळा उडवत, हॉर्न वाजवत.

आणि हे ट्रॅक्टरपासून सुरू झालं असंही नाही. 1980 नंतर एकात्मिक ग्रामीण विकासाच्या योजनेतून आमच्या गावात म्हशी वाटल्या. कर्जावर, थोड्या सबसिडीवर. प्रत्येक म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला ठोकलेला. म्हैस चरायला निघाली की लोक म्हणायचे, ही बघा बँकेची म्हैस चालली. आमच्या आळीतल्या एका विधवा बाईची म्हैस दोन वर्षांत मेली. विमा मिळायला बिल्ला लागतो म्हणून बिल्ल्यासकट कान कापून द्यावा लागला. ती बाई कान फडक्यात गुंडाळून तालुक्याला घेऊन गेलेली मी बघितलेली आहे. मी तिच्याच एसटीत होतो. तो बिल्ला निदान कामाचा तरी होता, त्याच्यावर नंबर होता, त्यानं पैसे मिळणार होते. बॉनेटवरच्या अक्षरांनी कुणाला कधी काय मिळालं?

1996 च्या श्रावणात धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. आदल्या रात्री आबांनी मला ट्रॅक्टर गोठ्यामागं लावायला सांगितला. पाऊस होऊन गेलेला, गोठ्यामागं चिखल. पुढची चाकं रुतली. ट्रॅक्टर ना दारात ना गोठ्यात, असा मधेच राहिला. सकाळी आबांनी आपली घोंगडी आणून बॉनेटवर टाकली, मडगार्डवर पोती टाकली. पाहुणे आले, पोहे झाले, चहा झाला. त्यांच्यात एक म्हातारे होते, अंगणात बसून सगळं न्याहाळत होते. ते म्हणाले, “यजमान, ऊन तर कुठं दिसंना. इंजनाला थंडी वाजती का?”

सगळे हसले. आबाही हसले.

ती सोयरीक जमली नाही. ट्रॅक्टरमुळं जमली नाही असं मी म्हणत नाही, पत्रिकेचं काहीतरी कारण त्यांनी कळवलं. बहिणीचं पुढच्या वर्षी चांगल्या घरी झालं, तिला नातवंडं आहेत. पण आबांच्या मनातून ते गेलं नाही. मेहुण्यांसमोर ते कधी ट्रॅक्टरवर बसले नाहीत.

आमचा शेवटचा हप्ता 2003 साली फिटला. मधली दोन वर्षं दुष्काळाची, तेव्हा थकलो होतो, तेवढं व्याज चढलं, तेही दिलं. बँकेनं ना-हरकत दाखला दिला. आबा मुद्दाम माझ्याबरोबर आले होते, धुतलेलं धोतर नेसून. दाखला घडी करून खिशात ठेवला आणि साहेबांना म्हणाले, “सायेब, आता तेवढं नाव पुसायला तुमचा रंगारी कधी येतोय?”

साहेब नवीन होते, पोरगेलेसे. त्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर म्हणाले, “आजोबा, पुसायचं आमच्याकडं नसतं. ते तुमचं तुम्ही पुसून घ्या.”

“लिवायचं व्हतं तुमच्याकडं?”

“ते नियमात आहे.”

आबा काही बोलले नाहीत. एसटीतही बोलले नाहीत. घरी आल्यावर कपडे न बदलता त्यांनी कुदळ-खुरपी घासायची कानस काढली आणि डाव्या मडगार्डपाशी बसले. मी म्हणालो, थांबा, कुणाला तरी विचारू. त्यांनी ऐकलं नाही. कानस म्हणजे लोखंड खाणारं हत्यार. पांढरं अक्षर गेलं, त्याच्याखालचा लाल रंग गेला, खालचा काळपट अस्तराचा रंगही गेला आणि उघडा पत्रा चकाकायला लागला. तासाभरात डाव्या मडगार्डवरून बँक पुसली गेली. आबांच्या नखांत पांढरा नि लाल चुरा भरला होता. संध्याकाळी ते पोटभर जेवले.

जूनमध्ये पाऊस झाला आणि त्या जागी तांबूस गंज धरला. मी रेड ऑक्साइड मारलं, वर बाजारचा लाल मारला, तो दोन शेड गडद निघाला. पुढच्या पावसाळ्यात कडेनं रंगाला फुगे आले. नाव गेलं, पण नावाच्या लांबीरुंदीचा डाग कायमचा बसला. आबा तीन वर्षांनी गेले. बॉनेट आणि उजवं मडगार्ड त्यांनी तसंच सोडलं होतं. मला म्हणाले होते, “ते तू कर. तुझा हात हलका हाय.”

मी आपला तालुक्याच्या गावी एका गॅरेजवाल्या रंगाऱ्याकडं गेलो. ट्रक रंगवण्यात त्याची हयात गेलेली. तो जे सांगत होता ते इथं लिहून ठेवतो, कारण माझ्यासारख्या अडलेल्याला हे कुणी सांगत नाही आणि लोक पत्रा घासून नासवतात.

तो म्हणाला, मामा, कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो. तो टणक असतो. रंगाऱ्यानं वरून हातानं मारलेला ऑइलपेंट नुसता हवेवर वाळलेला. दोघं एकमेकाला चिकटलेले असले तरी एकजीव नसतात. वरचा आधी मऊ होतो. तेवढ्या वेळात त्याला काढायचा आणि खालच्याला कळू द्यायचं नाही. सगळी कला त्या तेवढ्या वेळात आहे.

पहिल्यांदा साबणाच्या पाण्यानं स्वच्छ धुवायचं, धूळ राहिली की तीच कानशीचं काम करते. मग मडगार्डच्या आतल्या बाजूला, जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं थिनरचं फडकं टेकवून बघायचं. फडक्यावर लाल उतरला तर थिनरचं नाव सोडायचं, तो रंग भाजलेला नाही, मागनं कुणी मारलेला आहे. लाल उतरला नाही तर सावलीत काम धरायचं. उन्हात तापलेल्या पत्र्यावर थिनर लगेच उडून जातो आणि अर्धवट विरघळलेला रंग जास्तच चिकटून बसतो. सुती फडकं ओलं करून एका अक्षरावर दाबायचं, मनात दहा आकडे मोजायचे आणि एकाच दिशेनं ओढायचं. मागंपुढं रगडायचं नाही. पांढरा रंग शेवाळासारखा निघून येतो. लगेच ओल्या फडक्यानं थिनर पुसून टाकायचा. फडक्याची बाजू दर वेळी बदलायची, नाहीतर याच अक्षराचा पांढरा पुढच्या अक्षरावर माखतो. हे काम उघड्यावर करायचं, आणि जवळपास बिडी नको. थिनर बिडीची वाट बघत असतो.

अक्षराच्या कडा थिनरला दाद देत नाहीत. त्यांना दोन हजार नंबरचा वॉटर पेपर. बाजारात साधा पॉलिश पेपर मिळतो तो नव्हे, काळा, हाताला जवळजवळ गुळगुळीत लागणारा. तो साबणाच्या पाण्यात भिजवून, जुन्या चपलेच्या रबराच्या तुकड्याला गुंडाळून, मांजराच्या पाठीवरनं हात फिरवावा तसा फिरवायचा. बोटानं दाबून घासलं की बोटाएवढी खळी पडते. फेस लाल यायला लागला की थांबायचं. मग रबिंग कंपाउंड आणि मऊ फडकं, गोल गोल, खांदा दुखेपर्यंत. शेवटी मेणाचं पॉलिश.

उजव्या मडगार्डला मला दोन दिवस लागले, बॉनेटला दीड. हात हलका आहे म्हणून आबांनी सोपवलेलं काम, तेव्हा घाई केली नाही. नाव साफ गेलं. पत्रा कुठंही उघडा पडला नाही. मी दहा पावलं मागं जाऊन बघितलं आणि तिथंच मटकन बसलो.

नाव तसंच होतं. पांढरं नव्हतं, लाल होतं, लालावर लाल. बारा-तेरा वर्षं उन्हानं सगळा ट्रॅक्टर उडवला होता, हात फिरवला की तळव्याला लाल पीठ लागायचं. पण अक्षरांच्या खाली ऊन गेलंच नव्हतं. तिथला रंग शोरूममधून आला तसाच तरणा. विटलेल्या लालात ताज्या लालानं लिहिल्यासारखं स्वच्छ वाचता येत होतं, बँकेचं नाव आणि खाली ‘नजरगहाण’. आमच्या ट्रॅक्टरचा मूळ रंग कसा होता ते बघायचं असेल तर आता त्या अक्षरांतच बघावं लागणार होतं.

रंगाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, त्याला आम्ही सावली म्हणतो. तिला एकच इलाज, आजूबाजूचा मेलेला रंग कंपाउंडनं कापत जायचं, तो खालच्या जिवंत रंगाला येईस्तोवर. म्हणजे नाव काढायचं नाही, बाकीचा सगळा ट्रॅक्टर नावाच्या पातळीला आणायचा. मी ते केलं. तीन उन्हाळे, जमेल तसं, एकेक पत्रा. आता सकाळच्या तिरप्या उन्हात, माहीत असलेल्याला, उजव्या मडगार्डवर फक्त ‘गहाण’मधला ‘ण’ लागतो.

हिशेब करा. लिहायला त्याला दहा मिनिटं लागली. पुसायला आबांचा एक जन्म आणि माझे तीन उन्हाळे.

बँकेलाच धारेवर धरतो असं नको वाटायला. आमच्या ट्रॅक्टरावर न लिहिणारा कोण आहे? विकणाऱ्या दुकानदाराचं नाव नि फोन नंबर मागं हातभर मोठा. पैसे मी दिले, जाहिरात त्याची, आणि भाडं शून्य. साखर कारखाना हंगामाला ट्रॉलीवर करार नंबर टाकतो, तो पुढच्या वर्षी बदलतो, जुना कुणी पुसत नाही. माझ्या ट्रॉलीवर एके काळी चार हंगामांचे चार नंबर होते. गेटवरचा पोऱ्या विचारायचा, यातला खरा कंचा? निवडणुका आल्या की रात्रीत पत्रकं चिकटतात, सगळ्या पक्षांची. पूर्वी खळीनं चिकटवायचे ते बरं होतं. रात्रभर ओलं पोतं टाकून ठेवलं की सकाळी साय निघाल्यासारखी निघायची. आता प्लास्टिकचे स्टिकर आलेत, ते फाटतात पण निघत नाहीत. त्याला मात्र थिनर लावू नका, त्याला ऊन लागतं. एप्रिलची दुपार धरायची, पत्रा चांगला तापला की कोपरा नखानं उचलून अगदी सावकाश, अंगालगत मागं दुमडत ओढायचा. उलथनं, पातं लावायचं नाही, अडलं तर बंद पडलेलं एटीएम कार्ड घ्यायचं. मागं राहिलेली चिकट डिझेलच्या फडक्यानं जाते, मग साबण. पूर्वी आम्ही रॉकेल वापरायचो, रेशनचं रॉकेल गेलं. रस्त्याचं डांबरही डिझेलनंच निघतं. नव्या ट्रॅक्टरला पुढचा शो फायबरचा असतो, त्याच्याजवळ थिनरचा डबासुद्धा नेऊ नये, तो पांढरा पडतो आणि मग काहीही केलं तरी सुधारत नाही.

बोर्डोचे निळे डाग हे आपले आपणच पाडून घेतो. द्राक्षावर फवारून आलं की ट्रॅक्टर तसाच उभा. त्यातला चुना पत्र्यावर बसतो आणि मोरचूद उघड्या लोखंडाला खातं. त्याच संध्याकाळी पाणी मारलं तर काही होत नाही. वाळल्यावर व्हिनेगरचं पाणी लावून धुवायचं. खरवडत बसायचं नाही.

ट्रॉलीच्या नंबरावर मी एक तोड काढली होती. दोन वीत पत्र्याची पाटी, दोन भोकं, दोन बोल्ट. त्यावर काय लिहायचं ते लिहा, हंगाम संपला की पाटी काढून कारखान्यात जमा. मी ती करून शेती ऑफिसला घेऊन गेलो. कारकुनानं हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, “पाटी हरवली तर?” मी म्हणालो, हरवली तर दुसरी मी करून देतो, माझ्या खर्चानं. तो म्हणाला, साहेबांना विचारावं लागेल. साहेब मीटिंगला होते. ती पाटी आता माझ्या विहिरीच्या मोटारीच्या पेटीला झाकण म्हणून आहे.

पण एक सांगतो, चिडीत सगळंच खरवडू नका. ट्रॉलीच्या मागची लाल चमकपट्टी काढू नका. ती कुणाच्या मालकीची खूण नाही, ती जिवाची आहे. उसाच्या हंगामात रात्री बंद पडलेली ट्रॉली रस्त्यात उभी राहते, मागं दिवा नसतो, आणि मोटारसायकलवरचं पोरगं सरळ त्यात शिरतं. आमच्या पंचक्रोशीत असं झालेलं आहे आणि मी त्या पोराच्या मातीला गेलेलो आहे. ती पट्टी चिखलानं झाकली असेल तर पुसा, फाटली असेल तर नवी लावा. तसंच चासीवरचा नंबर आणि इंजिनवरचा नंबर. त्याच्यावर ना पेपर फिरवायचा ना रंग मारायचा. तो मिटला की कागदावरचा ट्रॅक्टर आणि दारातला ट्रॅक्टर एकच आहे हे सिद्ध करत तुम्ही कचेऱ्या हिंडाल.

काहीजण मला म्हणतात, एवढा व्याप कशाला, सगळा ट्रॅक्टर एकदा फवारून काढायचा, आठ-दहा तासांचं काम. माझा त्याला विरोध आहे. सगळा रंग मारलेला जुना ट्रॅक्टर बाजारात उभा केला की घेणारा पहिल्यांदा विचारतो, कुठं पलटी झाला होता? कारण रंगाखाली वेल्डिंग लपतं, लांबी भरलेली लपते, तेलाची गळती चार दिवस लपते. आणि फवारणारा घाईत काय काय रंगवतो, रबरी पाइप, वायरी, ग्रीस भरायची तोंडं, सगळं लाल. माझ्या स्टिअरिंगजवळ आबांच्या गुडघ्यानं रंग झिजून पत्रा दिसतो. क्लचवर चढताना ते डावा पंजा टेकायचे, तिथं एक गुळगुळीत जागा झालीय. डिझेल टाकीच्या झाकणाला 2001 मध्ये बाभळीचं खोड लागून पोचा आलाय, तेव्हा मी झोपेत चालवत होतो. हे डाग आमच्या कामानं पडलेले आहेत. त्यांना मी हात लावत नाही, कुणाला लावू देत नाही. आईचं स्वस्तिक पुसणाऱ्या हातानं हेही पुसायचं, याला मी तयार नाही.

आपल्या पोरांनाही दोन शब्द बोलायला पाहिजेत. पुढच्या काचेवर नेत्याचा फोटो, बॉनेटवर जातीचं नाव, मागं कुणाला तरी दिलेली धमकी. बँकेनं न विचारता लिहिलं म्हणून मी एवढा तणतणतोय आणि माझाच नातू पदरचे पैसे देऊन लिहून घेतो. त्याला मी विचारलं, “उद्या हा नेता पक्ष बदलला तर?” तो म्हणाला, “आबा, स्टिकर बदलायचा.” म्हटलं, बदल, पण सावली राहती, ते उजवं मडगार्ड एकदा सकाळी येऊन बघ.

सातबाऱ्याचं तर वेगळंच. इतर हक्काच्या रकान्यात बोजा चढवायला बँकेचा कागद एका दिवसात तलाठ्याकडं पोचतो. उतरवायचा म्हटलं की दाखला आपण आणायचा, अर्ज आपण द्यायचा, फेरफार धरला का ते विचारायला आपण जायचं, मंडळ अधिकाऱ्याची सही झाली का ते आपण बघायचं. आरटीओतही तसंच, पस्तीस नंबरचा फॉर्म आणि बँकेचा दाखला घेऊन रांगेत आपण. माझ्या चुलत्यांच्या सातबाऱ्यावर 1994 सालचा तो जामिनाचा बोजा 2011 पर्यंत होता, कर्ज फिटून आठ वर्षं झालेली. त्यांना पाइपलाइनसाठी पैसे पाहिजे होते, दुसरी बँक म्हणाली तुमच्यावर आधीचा बोजा दिसतोय. चुलते माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. त्यांची चूक नव्हती.

मागच्या वर्षी मुलानं नवा ट्रॅक्टर घेतला. कर्जावरच घेतला, दुसरं कशावर घेणार. पाहणीला साहेब आले, या वेळी मॅडम होत्या, स्वतःच्या चारचाकीतून. बरोबर रंगारी नव्हता, छापील स्टिकर होते, तीन. मी मॅडमना चहा दिला आणि त्यांच्या गाडीभोवती एक चक्कर मारून आलो. मग विचारलं, “ताई, ही गाडी कर्जावर हाय का रोख?” त्या म्हणाल्या, कर्जावर. त्यांना मी कुठं चाललोय ते लगेच कळलं, हुशार बाई. म्हणाल्या, “काका, मला वरून फोटो मागतात, स्टिकर लावलेला.” मी म्हणालो, पाटीवर लावा, पाटी बोल्टनं ट्रॅक्टरला लावतो, फोटो काढा, पाटी कर्ज फिटेस्तोवर जागची हलणार नाही, माझा शब्द. त्यांनी बराच विचार केला. एक स्टिकर पाटीवर लावला, दोन पर्समध्ये परत ठेवले आणि म्हणाल्या, लेखी अर्ज द्या, मी पुढं पाठवते.

अर्ज मी स्वतः लिहिला, वहीच्या पानावर. चारच ओळी आहेत. नाव ट्रॅक्टरच्या अंगावर लिहू नये, पाटीवर लिहावं. कर्ज फिटल्याच्या दिवशी बँकेनं पाटी स्वतः उतरवून न्यावी. सातबाऱ्यावरचा आणि आरसीवरचा बोजा चढवण्याचा कागद बँक पाठवते तसा उतरवण्याचाही तिनंच पाठवावा. पूर्वी ज्यांच्या पत्र्यावर लिहिलं आणि ज्यांचं कर्ज फिटलंय, त्यांची नावं पुसण्याचा खर्च बँकेनं द्यावा. खाली सही केली, आणि आबांचं नाव घातलं, ते नसले तरी. पोच घेतलीय, शिक्का आहे, तारीख आहे. अकरा महिने झाले, उत्तर आलेलं नाही.